आधी टोक सांग

‘आधी टोक सांग, मंग फासा फेक.’

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? कमीत कमी दोन लाख वेळा. तुम्ही म्हणाल, वाढवून सांगतो. वाढवतोच. पण दीड लाखाच्या खाली मी उतरणार नाही. काका कानामागची लाल-निळी पेन्सिल काढायचे. जुन्या ऑफिसांत साहेब लोक शेरे मारायला वापरायचे ती, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. बोटांत ती पंख्यासारखी फिरवायचे आणि चष्म्यावरून बघायचे. समोर राक्षस दात विचकून उभा, आपल्या मुठीत फासा, आणि हा माणूस शांतपणे विचारून राहिला, टोक कोणतं?

निळं म्हणजे झोपवायचं. लाल म्हणजे मारायचं.

दर रविवारी दुपारी भिलाईच्या वैशाली नगरात काकांच्या घरी आमचा हा खेळ चालायचा. पत्ते नाही, कॅरम नाही. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला ते फाशानं ठरवायचं. काकांची मुलगी बंगलोरला नोकरीला. तिनं एका दिवाळीत या खेळाचं पुस्तक आणलं आणि जाताना इथंच विसरली. पुस्तक एवढं जाड, की काकूंनी महिनाभर ते लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून ठेवलं होतं. काका तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी बरणीवरून ते पुस्तक उतरवलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रेघा मारत वाचलं आणि निकाल दिला, ‘तलवार कशी मारायची, चाळीस पानं. मानूस पडल्यावर काय करायचं, अर्धं पान. कोन्या येड्यानं लिहिलं हे?’

काका सेफ्टी ऑफिसर, कारखान्यात अपघात होऊ नयेत हे बघणारे. मोठ्या स्टील प्लांटचे नव्हेत, भिलाईच्या आसपास जे छोटेमोठे कारखाने, त्यातल्या एका फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, ते होते. ती आता बंद आहे, नाव कशाला सांगू. जन्मभर लोकांना हेल्मेट घाला, हेल्मेट घाला म्हणत राहिले. रिटायर झाल्यावर हेल्मेट घालायला घरात कोणी उरलं नाही. फोडणी देताना सेफ्टीचा चष्मा लावायला काकूंनी साफ नकार दिला. मग काका राक्षसांकडे वळले.

खेळायला आम्ही तिघं. मी, म्हणजे कूलर आणि मोटर-वाइंडिंगचा दुकानदार, खेळात चोर. डेकाटे, भिलाई-३ ला राहणारा रेल्वेचा ड्रायव्हर, मालगाडी ओढणारा. मिशी अशी, की इंजिनाला बफर म्हणून लावावी. खेळात तो योद्धा. आणि सुलभाताई, शाळेत गणित शिकवणाऱ्या, खेळात जादूगार. सुलभाताईंना आगीचा गोळा फेकायचा तर आधी काकांकडून परमिट लिहून घ्यावं लागे. गुहेत शिरायचं तर एकानं तोंडाशी दोर धरून उभं राहायचं.

‘दोर कावून, काका?’ डेकाटेनं एकदा विचारलं.

‘आत गॅस असला तर?’

‘काका, आत ड्रॅगन आहे.’

‘मंग तर गॅस असनारच.’

प्रत्येकाच्या कागदावर त्यांनी पट्टीनं एक लांब नळी आखून दिली होती. मुका मार बसला की डावीकडून निळं भरायचं, जिवावरचा बसला की उजवीकडून लाल. दोन्ही रंग भेटले की माणूस आडवा, बेशुद्ध. गोष्टीतली एक रात्र झोपून काढली की निळं खोडरबरानं पुसायचं. लाल पुसायला मात्र वैद्य पाहिजे, काढे पाहिजेत, महिने पाहिजेत. आणि एकट्या लालनं नळी भरली, तर संपलं. राक्षसांनाही अशीच नळी. टोक सांगायचं ते फासा हातातून सुटायच्या आधी. नंतर देवानं सांगितलं तरी काका ऐकत नसत.

आता तुम्हाला वाटेल, मग दे ना लाल, घाबरतो कशाला? सांगतो. लाल टोकानं कोणी मेला, की मारणाऱ्यानं फॉर्म भरायचा. कार्बन लावून तीन प्रती. मेलेल्याचं नाव काय. त्या वेळी काय काम करत होता. घरी कोण आहे. हे टळलं असतं का. आणि फॉर्म भरून झाला, की ज्यानं मारलं त्यानं स्वतः मेलेल्याच्या घरी जाऊन सांगायचं.

पहिल्याच महिन्यात डेकाटेनं एक ठेंगू मारला. पुस्तकात त्या बुटक्या हिरव्या राक्षसांना काहीतरी इंग्रजी नाव होतं, काका ठेंगूच म्हणायचे. डेकाटेनं हसत हसत फॉर्म भरला आणि खेळातल्या डोंगरावरच्या खेळातल्या झोपडीत गेला. ठेंगूची म्हातारी आई काका झाले. आवाज बदलला नाही, काही नाही, नुसता खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला.

‘कोन आहे? उन्हाचा आला का बाबू?’ म्हातारी म्हणाली. ‘बस. जेवला का तू?’

एवढंच. डेकाटेनं फॉर्मच्या तिन्ही प्रती उपड्या ठेवल्या. मग ‘मले ड्यूटी आहे’ म्हणाला आणि प्लेटमधला समोसा अर्धा टाकून उठला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. आणि डेकाटेनं समोसा टाकला, ही घटना भिलाईच्या इतिहासात त्याआधी नाही, त्यानंतरही नाही.

तेव्हापासून आमच्या टेबलावर सगळं निळंच. बरं, बेशुद्ध राक्षस रानात टाकून जायचं नाही, हाही काकांचा नियम. त्याला कुशीवर वळवा, शुद्धीवर येईपर्यंत कोणीतरी जवळ थांबा. म्हणून आम्ही एक बैलगाडी घेतली. मग दुसरी घेतली. वर्षभरात आमच्यामागे अकरा बैलगाड्या राक्षस होते. पराक्रम करायला निघालेले आम्ही तिघं, दिवसभर त्यांना पेज पाजून राहिलो होतो. काकांच्या पेन्सिलींचं निळं टोक महिन्यात झिजून जाई, लाल तसंच. उरलेली लाल अर्धुकं ते बिस्किटाच्या डब्यात टाकत. डबा गच्च भरला होता.

आणखी एक नियम, तो टेबलाबाहेरचा. त्यांच्या घरी यायचं तर गल्लीच्या तोंडाशी दोन हॉर्न वाजवायचे. पीं पीं. स्कूटर असो की मोटारसायकल. सुलभाताई पायी यायच्या, तर त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या खांबाला सायकलची घंटी ठोकून दिली होती. शेजारी कुरकुर करायचे. आम्ही समजायचो, रिटायर माणूस आहे, डोक्यात नियमांचा कारखाना अजून चालू आहे.

आमचं बिनसलं ते काळ्या किल्ल्याच्या मालकावरून. या मालकानं वर्षभर आम्हाला रानोमाळ पळवलं होतं आणि माझ्या चोराची दोन बोटं तोडली होती. दोन बोटं! चोराची! गवयाचा गळा गेल्यासारखं. शेवटी एका रविवारी तो माझ्या सुरीच्या टप्प्यात आला. मला राहवलं नाही. टोकबिक न सांगता मी फासा फेकला. वीस बाजूंचा फासा, आणि आले पूर्ण वीस. डेकाटे खुर्चीवरून असा उडाला, की पंखा थोडक्यात वाचला.

‘लाल!’ मी ओरडलो.

काकांनी पेन्सिल कानामागे ठेवली. ‘आधी नाही सांगितलं.’

‘काका, वीस आले आहेत!’

‘आले. पन फासा पडून राहिला होता तोवर त्याले काय माहीत, आपन मेलो का जित्ता? तू त्याले लटकवून ठेवलं.’

‘कोणाला? त्या कागदावरच्या राक्षसाला?’

‘आधी सांगा लागते,’ ते म्हणाले. आवाज न चढवता त्यांनी वही मिटली. ‘मले नाही चालत हे.’

मीही काही कमी नाही. ‘मग बसा तुम्ही तुमच्या पेन्सिली घेऊन,’ म्हणालो, आणि निघून आलो. दोन रविवार गेलोच नाही. तिसऱ्या आठवड्यात काकू दुकानात आल्या, हातात मिक्सरचं भांडं. मी कूलरवाला आहे, मिक्सर मी बघत नाही, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

‘कावून रुसून बसला बाबू?’ त्या स्टुलावर टेकत म्हणाल्या. ‘तुमचे काका दोन रविवार झाले, हॉर्न आयकाले फाटकात उभे राहते.’

‘काकू, एक राक्षस मारू देत नाहीत. फासा आधी का टोक आधी, यावरून भांडतात.’

काकू भांड्याचं झाकण उघडत-लावत बसल्या. मग म्हणाल्या, ‘फाउंड्रीत कोनाले लागलं, का घरी निरोप द्याचं काम यायचंच, तुमच्या काकाचं. कोनाचं बोट चेंदलं, कोनाले चटका. बहुतेक निळेच, तुमच्या भाषेत. पन यायची गाडी दारात थांबली, का बाई पांढरीफट. नवरा नुसता पट्टी बांधून बसला असे, आन हिची इकडे दातखीळ. म्हनून यायनं दोन हॉर्न सुरू केले. दोन हॉर्न म्हनजे जित्ता आहे. साऱ्या वस्तीले माहीत होतं.’

‘आणि नसला तर?’

‘एकदा नाही वाजवला,’ काकू म्हणाल्या. ‘भर उन्हाची येळ. दारात गेलेल्या पोराची माय. तिले काही समजलंच नाही. यायनं तोंड उघडाच्या आधी म्हने, उन्हाचा आला, जेवला का बाबू तू? पाट मांडला. ताट वाढलं. आन हे जेवले. यायच्यानं सांगनंच नाही झालं, तर जेवले. दोन पोया खाल्ल्या तिच्या हातच्या. मंग सांगितलं.’

मी विचारलं, ‘ती काय म्हणाली?’

‘ताट उचललं तिनं.’ काकूंनी भांडं पिशवीत टाकलं. ‘तवापासून हे भरल्या ताटावरूनही उठते कधी कधी. मले वाटलं, तुमच्या त्या खेळानं मनातलं थोडं जाईन.’

काकूंचं सगळं बोलणं मी डेकाटेला आणि सुलभाताईंना सांगितलं. त्या रविवारी मी गल्लीच्या तोंडाशी दोन नाही, बावीस हॉर्न वाजवले. एका शेजाऱ्यानं खिडकीतून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. काका फाटकातच होते. टेबलाशी बसल्यावर वही उघडून म्हणाले, ‘वीस आले होते, ते मी लिहून ठेवले आहे. टोक सांग.’

मी विचारलं, ‘काका, त्याच्या घरी कोण आहे?’

‘मले माहीत आहे. तुले पाहिजे का?’

‘नको,’ मी म्हणालो. ‘निळं.’

त्यांनी डावीकडून सावकाश, एकही रेघ बाहेर जाऊ न देता, ती नळी भरली. काळ्या किल्ल्याचा मालक आमच्या बाराव्या बैलगाडीत आला. आल्याबरोबर त्यानं सांगितलं, की त्याला भेंडी चालत नाही.

यंदा चैत्रात, सकाळी झाडांना पाणी घालता घालता काका अंगणात पडले. तीन दिवस दवाखान्यात, बेशुद्ध. काकूंनी त्यांना एकटं सोडलं नाही. आम्ही पाळी लावली. डेकाटे ड्यूटीवर जाताना फोन करायचा, उतरल्यावर करायचा. दुसरं काही विचारायचा नाही. ‘निळंच आहे ना?’ मी म्हणायचो, ‘निळंच.’ सुलभाताई काचेबाहेर दोर धरल्यासारख्या उभ्या असायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला काकू बाहेर आल्या. मी आणि सुलभाताई तिथंच होतो. काकूंनी डोळे पुसले आणि मला पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? ‘डेकाटेले फोन नोको करू. इंजिनावर असला तर? घरी येऊ दे, मंग तू जाऊन सांग.’ सेफ्टीवाल्याची बायको.

दुपारी मी स्कूटर काढली. भिलाई-३ पर्यंतचा रस्ता पंधरा-वीस मिनिटांचा. त्या दिवशी तो नागपूरपर्यंत लांबला. डेकाटेच्या गल्लीच्या तोंडाशी माझा अंगठा सवयीनं हॉर्नवर गेला. मी तो उचलला.

डेकाटे नुकताच आला होता. ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. बाजूला न उघडलेला डबा. माझी गाडी अगदी दारात येऊन थांबली तेव्हा त्यानं वर पाहिलं. गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. परत माझ्याकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, मालगाडी ओढणारा. नाडी तशीच बोटाला गुंडाळलेली. फोन त्याच्या खिशात होता, पण त्यानं निळंच ना, हे विचारलं नाही. बाजूला सरकून त्यानं मला जागा केली.

‘उन्हाचा आला,’ तो म्हणाला. ‘बस. जेवला का तू?’

आतून गरम पोळीचा वास येत होता. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

‘आधी सांगतो,’ मी म्हणालो.