डावी बाही

मुलाखतीच्या दिवशी सकाळी ताईने धाकट्या बहिणीकडे उभ्या जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. तेही चहाचा कप बशीत ठेवता ठेवता, येताना जरा दोरा घेऊन ये म्हणावं इतक्या साध्या सुरात.

"छबे, बाहीचं विचारतीलच. या वेळी खरं सांग. नजर आहे तोवर एकदा छापलेलं वाचू दे मला."

छबी हे घरातलं नाव. बाहेर सगळे तिला मॅडम म्हणत. वय चौसष्ट. बत्तीस वर्षं नाटकांत गेली आणि पुढची नऊ मालिकांत. मालिकांनी तिला सासवा दिल्या आणि मरणाऱ्या आया दिल्या. शेवटच्या मालिकेत तर ती पहिल्याच भागात मेली आणि पुढचे दोनशे भाग तिने दिवाणखान्याच्या भिंतीवर फोटो होऊन काम केलं. गेली तीन वर्षं तेही नव्हतं. राहिली होती ती बाही. डावी बाही पार बोटांच्या पेरांपर्यंत, उजवी जेमतेम कोपरापर्यंत. लग्नाला जावो, मयताला जावो, मॅडमच्या अंगात असलाच कपडा. दुकानांत पोरी 'मॅडम बाही' म्हणून मागायच्या, आणि त्यातल्या निम्म्या पोरींनी मॅडमचं एकही काम पाहिलेलं नसायचं.

ताई सत्तरीची. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, काचबिंदू आहे, उजवा डोळा गेला, डावाही जाण्याच्या वाटेवर आहे, गेलेलं परत येत नाही. त्यावर ताईने एवढंच विचारलं होतं, "सुईत दोरा ओवता येईल ना?"

"सांगेन गं," छबी म्हणाली. "त्यात काय एवढं!"

त्यात काय होतं ते दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

छबी वीस वर्षांची आणि ताई सव्वीसची असतानाची गोष्ट. आई गेलेली, वडील असून नसल्यासारखे. ताई दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर बसायची आणि दोघींचं पोट भरायची. छबीला पहिली मोठी भूमिका मिळाली. कंपनी कसली, चार टाळकी. कपडे ज्याचे त्याने आणायचे. तिसऱ्या अंकात नवऱ्याच्या डोळ्यांदेखत तिने एक चिठ्ठी डाव्या बाहीत सरकवायची होती, सगळं नाटक त्या चिठ्ठीवर उभं. ताईने कुठूनसं हिरवं कापड पैदा केलं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बेतायला घेतलं, आणि लक्षात आलं की दोन्ही बाह्या पुऱ्या निघत नाहीत.

छबीने रडून घर डोक्यावर घेतलं. ताईने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या.

"चिठ्ठी डावीत लपवायची ना? मग सगळं कापड डावीला जाऊ दे. बोटांपर्यंत. उजवी राहू दे अपुरी. लोकांना वाटेल, मुद्दामच केलंय."

डाव्या बाहीच्या आतून तिने एक चिमुकला खिसाही शिवला, ऐन वेळी चिठ्ठी खाली पडायला नको म्हणून.

लोकांना तसंच वाटलं. वर्तमानपत्राने अभिनयावर चार ओळी आणि बाहीवर अर्धा रकाना लिहिला. आठवड्याने पत्रकार दारात आला. ही कल्पना कुणाची, त्याने विचारलं. छबी म्हणाली, माझीच. वीस वर्षांची पोर, गेलं तोंडातून निघून, असं म्हणू. पण दुसऱ्यांदा? दहाव्यांदा? खोट्याला पाय नसतात म्हणतात, हे चांगलं चव्वेचाळीस वर्षं चाललं. चालता चालता त्याने बाळसंही धरलं. "माणसाने आयुष्यात काहीतरी एक अपुरं ठेवावं," असं म्हणून थांबायचं, उघड्या उजव्या मनगटाकडे बघायचं, आणि हळूच म्हणायचं, "म्हणजे जगायला कारण उरतं." या वाक्यावर तिने सभा जिंकल्या होत्या. एकदा तर ते एका मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापून आलं.

ताई दर वेळी मुलाखत वाचायची. वाचून झालं की ते पान शिवणाच्या टेबलावर जायचं. कपड्याचा खाका वर्तमानपत्रावरच कापतात, कागद मोठा असतो आणि वाया गेला तर हळहळ नाही. म्हणजे छबीच्या पुढच्या कपड्याच्या बाह्या छबीच्याच मुलाखतींवर बेतल्या जायच्या. ताईने कधी चकार शब्द काढला नाही. काढला असता तर भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला झाला असता आणि एकदाचं मिटलं असतं. न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे छबीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने ते मनाला लावून घ्यायचं सोडून दिलं.

मध्यंतरी संसारही करून झाला. नवरा नाटकांची प्रकाशयोजना करायचा. त्याने नाटकात लावलेले दिवे बरे होते, घरात लावले ते वेगळेच निघाले. लेक चार वर्षांची असताना तो दुसऱ्या एका नटीच्या उजेडात गेला तो गेलाच. छबी दौऱ्यांवर असायची. लेकीला वाढवलं ताईने, कारखान्यातून घरी काम आणून, एका पायाने पाळणा आणि दुसऱ्याने मशीन चालवावं तसं. आठ वर्षांची असताना शाळेत 'माझी आई' असं चित्र काढायला सांगितलं. लेकीने मशीनवर वाकलेली बाई काढली, तोंडात टाचण्या. शाळेतल्या बाईंना वाटलं मॅडम हौसेने शिवतात. लेक आता दूरच्या शहरात दातांची डॉक्टर आहे. रोज सकाळी फोन करते, मावशीला.

तर ती मुलाखत घेणारी आली. पंचविशीची असेल, चुणचुणीत. अंगात मॅडम बाही. छबीच्या डोळ्यांनी आधी शिवण पाहिली; डाव्या बाहीला आतून खिसा नव्हता. नसणारच. खिसा असतो हे छापून कधी आलंय?

बैठकीच्या खोलीला लागून ताईची खोली. दार अर्धवट उघडं. आत मशीन चालू होतं, एकसारखं. छबीसाठीच निळ्या कापडाचं काहीतरी चाललं होतं.

मुलीने कामाबद्दल विचारलं. छबी खरं बोलली. "बाईने पन्नाशी ओलांडली की तिला एकतर विष कालवायला लावतात नाहीतर विष प्यायला," ती म्हणाली. मुलगी हसली. लेकीबद्दल विचारलं. "ती दात काढते, मी इतकी वर्षं ओठ चावले, घराणं एकच," छबी म्हणाली. मुलगी पुन्हा हसली. सगळं झकास चाललं होतं. मग मुलीने वही बाजूला ठेवली.

"मॅडम, आता ते सगळ्यांनाच ऐकायचंय. ही बाही तुम्हाला सुचली कशी?"

आतलं मशीन थांबलं.

छबीने ठरवलं होतं. शब्दही ठरवले होते, जेमतेम चार. ही बाही माझ्या ताईची. सकाळी आंघोळ करताना मनातल्या मनात म्हणूनही पाहिले होते. पण नटीचं एक असतं. समोरच्याचं वाक्य नेहमीच्या शब्दांत, नेहमीच्या सुरात संपलं, की आपलं वाक्य आपोआप सुरू होतं. तिथे मनाला कुणी विचारत नाही. तापाने फणफणलेली असतानाही तिने असे प्रयोग केले होते. आणि या चार शब्दांची तालीम एका आंघोळीची, त्या वाक्याची चव्वेचाळीस वर्षांची.

"माणसाने आयुष्यात काहीतरी एक अपुरं ठेवावं," छबी म्हणाली.

आणि थांबली. नेहमी थांबायची तिथेच. तिथून मागे वळता आलं असतं. तेवढा वेळ होता, भरपूर होता. पण मान आपसूक उजव्या मनगटाकडे झुकली, आणि झुकताना तिला दिसलं की समोरच्या पोरीचे डोळे भरून आलेत. तीन वर्षांत तिच्यासाठी कुणाचे डोळे भरले नव्हते. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

"म्हणजे जगायला कारण उरतं."

जरा वेळाने आत मशीन सुरू झालं.

जेवताना छबी ताटात बघत म्हणाली, "ताई, ते राहूनच गेलं बघ. मी फोन करून सांगते तिला."

"सांग," ताई म्हणाली. "भाजी वाढू?"

तीन दिवस छबीने फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला. पलीकडून मुलगी लाडाने "बोला ना मॅडम" म्हणाली, आणि छबीने विचारलं, फोटो कोणता लावताय? डाव्या बाजूचा असेल तर बरा, म्हणजे बाही दिसेल. फोन ठेवल्यावर तिला स्वतःची इतकी शिसारी आली की तिने आरशावर टॉवेल टाकला. संध्याकाळी केस विंचरायला काढला.

मुलाखत यायला पाच आठवडे लागले. तेवढ्या वेळात ताईची नजर सरली. उजेड कळायचा, माणूस आलं-गेलं कळायचं, अक्षर नाही. दोरा बोटाच्या अंदाजाने ओवायची, चुकला की पुन्हा. निळं कापड टेबलावर तसंच पडून होतं.

रविवारी पुरवणी आली. पानभर मॅडम. छबीने दारातच उभ्याने वाचली. ते वाक्य तर मथळ्यातच होतं. कारखान्यातल्या बहिणीचा उल्लेख शोधण्यात अर्थ नव्हता, तरी तिने शोधला. मग ती ताईच्या खोलीत गेली. ताई खिडकीपाशी बसली होती, हात मांडीवर.

"आलं का?" ताईने विचारलं. "वाच."

छबीने खुर्ची ओढली, पान उलगडलं, आणि वाचायला लागली. जे छापलं होतं ते नाही.

"'या बाहीचं श्रेय मात्र मॅडम स्वतःकडे घेत नाहीत,'" तिने वाचलं. "'त्या सांगतात, माझ्या थोरल्या बहिणीने अपुऱ्या कापडातून ही बाही बेतली. चिठ्ठी पडू नये म्हणून आत खिसा शिवला. मला लोकांनी पाहिलं, ते तिने शिवलेल्या कपड्यांत. माझ्या मुलीला तिने वाढवलं. मी इतकी वर्षं खोटं बोलले. तिने एकदाही तोंडावर म्हटलं नाही.'"

आवाज कुठे चढला नाही, कुठे लांबला नाही. मध्ये पान उलटल्याचा आवाजही तिने अगदी जागच्या जागी केला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि प्रेक्षक एक. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं होतं.

ताईने शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली.

"छान वाचलंस."

छबीने नाक पुसलं. तिला वाटलं, फिटलं.

"सकाळी तुझ्या लेकीने फोनवर वाचून दाखवलं होतं," ताई म्हणाली. "पहिल्या अक्षरापासून. तू वाचलंस ते त्यात नव्हतं. पण तुझं जास्त चांगलं होतं. ते छापून यायला हवं होतं."

छबी पानाची घडी घालायला लागली.

"दे ते पान इकडे. बाहीचा खाका फाटलाय जुना."

छबीने पान दिलं. ताईने ते टेबलावर पसरलं, तळहाताने सुरकुत्या काढल्या, बोटांनी चाचपत कडा शोधली आणि कात्री लावली. कात्री फोटोतल्या दंडावरून गेली, मथळ्यावरून गेली.

"डावी कापतेस की उजवी?" छबीने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"एकच कापतेय. दोन्ही सारख्याच ठेवते," ताई म्हणाली. "आता कापड पुरतं."