सव्वाचार वर्षांची मुलगी

लोकांच्या तोंडाची किळस तिला कधी आली नाही. बावीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, गुलाबी लगद्यात उमटलेले परक्या माणसांचे जबडे, कधी थुंकीने बुळबुळीत, कधी कडेला रक्ताचा ठिपका. ती नळाखाली मापं धुवायची, त्यात प्लास्टर ओतायची आणि साचा सुटला की हातात फिरवून म्हणायची, "हे आजोबा डावीकडूनच चावतात." जेवताना मात्र नवऱ्यापुढे हा विषय काढायची सोय नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ग्रीसने माखलेले हात त्याला चालायचे, पण कवळी म्हटली की त्याचा घास अडायचा. गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणत. तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

अशा बाईला शिसारी आली ती परदेशात, झाडूनपुसून लख्ख केलेल्या एका खोलीत.

लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दत्तक घ्यायचं ठरवलं तर इथल्या रांगेत दोघांचं वय आडवं आलं. मग कोणीतरी एका एजन्सीचा पत्ता दिला. तिथला माणूस मधाळ बोलायचा. बाहेरच्या एका देशात अनाथ मुलं पुष्कळ आहेत, आम्ही फक्त गाठ घालून देतो, म्हणाला. सात महिन्यांनी त्याने फोटो पाठवले. दोन सख्ख्या बहिणी. थोरली सव्वाचार वर्षांची, धाकटी अडीच. धाकटी प्रत्येक फोटोत कुठेतरी दुसरीकडेच बघत होती. थोरली सरळ कॅमेऱ्यात, ओठ घट्ट मिटून.

"लाजाळू दिसते," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी फोटो खिडकीपाशी उजेडात नेला, जवळ धरला, लांब धरला. "रंग बरा आहे," त्या म्हणाल्या. कवळीबाईने फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला.

ते दोघं तीन आठवड्यांची रजा टाकून निघाले. विमानतळावर त्यांना घ्यायला एजन्सीने ठरवलेली दुभाषी आली होती. पंचविशीची, चटचट बोलणारी, त्यांची भाषा पुस्तकातून शिकलेली मुलगी. तीच त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत घेऊन गेली.

भेटीच्या खोलीत गालिचा होता, कपाटात खेळणी होती. खेळण्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं. कोणीतरी गुलाबाचा वास फवारला होता आणि त्याच्याखालून लघवीचा वास येत होता. संस्थेच्या मॅडम हसत पुढे आल्या. त्यांनी दार उघडून आत काहीतरी सांगितलं आणि अकरा मुलं रांगेने बाहेर आली, सगळ्यांचे केस सारखे कापलेले. मॅडमनी बोट वर केलं. अकराही मुलं एका सुरात म्हणाली, "आई."

तिच्या भाषेत म्हणाली. कवळीबाईने दुभाषीकडे पाहिलं.

"पाहुणे ज्या देशाचे, त्यांच्या भाषेतला शब्द शिकवतात," दुभाषी म्हणाली. "लोकांना आवडतं."

हा शब्द ऐकायला ती चौदा वर्षं थांबली होती. आता तो ऐकून ती एक पाऊल मागे सरली. तिने नवऱ्याकडे पाहिलं तर तो डोळे पुसत होता. त्याचाही तिला राग आला.

मॅडमनी रांगेतून त्या दोघी बहिणींना पुढे घेतलं, बाकीच्यांना आत पाठवलं. थोरलीच्या हनुवटीखाली बोट घालून तिचा चेहरा डावीकडे वळवला, मग उजवीकडे. धाकटीच्या दंडाला चिमटा काढल्यासारखं करून "वजन चांगलं आहे" असं सांगितलं. दुकानात कापड उलटसुलट करून दाखवावं तसं चाललं होतं. दोघी मुकाट उभ्या होत्या. त्यांना सवय होती.

दोन दिवस थोरली तोंडातून अक्षर काढेना. एखादा शब्द बोललीच तर बोबडा. धाकटी नवऱ्याच्या मांडीवर चढून बसली, थोरली लांबून तिच्यावर नजर ठेवून होती. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कपाटातलं पुठ्ठ्याचं एक खेळघर काढलं, त्याचं प्लास्टिक फाडलं आणि त्याच्या दारातून आत शिरायला गेला. खांद्यापाशी अडकला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणारा माणूस पुठ्ठ्याच्या दारात अडकून पाय झाडत बसला आणि थोरली हसली. तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून हसली.

कवळीबाईला खालचे पुढचे दोन दात दिसले. नवे होते. त्यांची कड करवतीसारखी होती. असे दात सहा-सात वर्षांच्या मुलांना येतात, दुधाचे पडून गेल्यावर. चार वर्षांच्या मुलाला नाही.

ती मुलीजवळ गेली, गुडघ्यावर बसली. "आ कर," असं स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. मुलीचं हसू तिथेच विझलं. तिने तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. कवळीबाईने बोट आत घातलं. मागे मोठी दाढ होती, पूर्ण वर आलेली. मुलगी सात वर्षांची तरी होती.

मग तिचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं. बैलबाजारात व्यापारी बैलाचं तोंड उघडून बघतो, त्याहून वेगळं तिने काय केलं होतं? तिने झटकन हात मागे घेतला. इतकी वर्षं लोकांच्या थुंकीत हात घालूनही जे झालं नाही ते आता झालं. आपल्याच हाताची तिला घाण वाटली.

मॅडमच्या खोलीत तिने दुभाषीला म्हटलं, "विचार हिला, या मुलीचं खरं वय काय?"

दुभाषीने विचारलं. मॅडम शांत होत्या. पेनाचं टोपण लावत त्यांनी उत्तर दिलं. दुभाषी थोडी अडखळली. "त्या म्हणतात, मुलगी अशक्त आहे, त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

"एवढंच नाही म्हणाल्या त्या. बराच वेळ बोलत होत्या. नीट सांग."

दुभाषीने मान खाली घातली. "त्या म्हणतात, मोठं मूल कोणी नेत नाही. तुमच्याच फॉर्मवर पाच वर्षांच्या आतलं हवं असं लिहिलंय. म्हणून त्यांनी तसं केलं."

कवळीबाईला तो फॉर्म आठवला. घरच्या टेबलावर बसून दोघांनी भरला होता. डोळ्यात तिरळेपणा, तोतरेपणा, जन्मखूण, पाच वर्षांवरचं वय, अशी यादी आणि प्रत्येकापुढे दोन चौकोन. चालेल, चालणार नाही. तिरळेपणा चालणार नाही, यावर तिनेच खूण केली होती. वर नवऱ्याला म्हणाली होती, "आपल्याला निवडायची संधी आहे तर निवडू या की."

मॅडम पुढे बोलल्या. या वेळी दुभाषीने एका दमात सांगून टाकलं, जसं कडू औषध एका घोटात घ्यावं. "त्या म्हणतात, तुमची पसंती नसेल तर धाकटीला घ्या, थोरली इथे राहील. किंवा दोघींच्या जागी दुसरी लहान मुलं दाखवतात. आजच दाखवतात."

कवळीबाई उठून बाहेर आली. व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं, तिथे तिला ओकारी झाली. एक आया बादली घेऊन आली आणि काही न बोलता पाणी ओतून गेली. आयाला ते नवीन नसावं.

नवऱ्याने हॉटेलमधून धाकट्या भावाला फोन लावला. दीर मोठ्याने बोलतो, तिला सगळं ऐकू आलं. "अरे, चूक त्यांची आहे. बदलून घ्या ना सरळ. तुम्ही का कमीपणा घेता?"

नवऱ्याने फोन ठेवला. "तो आपल्या भल्यासाठीच बोलतोय," तो म्हणाला.

"मिक्सर आहे का बदलून घ्यायला?"

"मी कुठे म्हटलं बदलू या?" तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "पण सात वर्षांचं मूल म्हणजे त्याला सगळं आठवत असणार गं. आई, बाप, घर. आपली ती कधी होईल?"

तोच प्रश्न तिच्याही मनात आला होता आणि त्याचीही तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी थोरलीला खोलीत आणलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. कोणीतरी तिला चांगलंच झापलं होतं. ती कवळीबाईपुढे येऊन उभी राहिली आणि पाठ केल्यासारखं, बारीक बोबड्या आवाजात काहीतरी म्हणाली. कवळीबाईने दुभाषीकडे वळून विचारलं.

"काय म्हणते?"

"म्हणते, मी चार वर्षांचीच आहे." दुभाषी मुलीकडे न बघता सांगत होती. "म्हणते, हवं तर तीन."

नवरा खुर्चीवरून उठला. त्याने थोरलीला उचलायला हात पुढे केले, मग थांबला, तिच्यासमोर जमिनीवर बसला. "तिला सांग," तो दुभाषीला म्हणाला, "आम्ही दोघींना नेतोय. आणि ती आहे तेवढीच राहू दे."

मुलीने ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही. तिने धाकटीचा हात धरला आणि परत रांगेत उभी राहावी तशी भिंतीला टेकून उभी राहिली.

कवळीबाईने हट्ट धरला, कागदावर खरं वय लिहा. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, मग सगळे कागद पहिल्यापासून होतील, वर्ष-दीड वर्ष लागेल, तोवर मुली इथेच राहतील. दुभाषीने हळूच सांगितलं, तोवर धाकटी इथे असेलच असं नाही, तिला मागणी आहे. मागणी हा शब्द तिने कुठल्या पुस्तकातून शिकला होता कोण जाणे.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, मुलीचं वय काय. कवळीबाई उभी राहिली. थोरली शेजारच्या बाकावरून तिच्याकडे बघत होती. "सव्वाचार वर्षं," कवळीबाई म्हणाली आणि सही केली. ज्या लबाडीने तिला ओकारी आली होती तिच्यात ती आता भागीदार झाली. मॅडमनी सगळ्यांना पेढ्यासारखा कसलातरी गोड तुकडा वाटला. तिने तो रुमालात गुंडाळून बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

घरी आल्यावर कौतुकाला ऊत आला. शेजारीण म्हणाली, किती पुण्याचं काम केलंत. जाऊबाईंनी धाकटीचे गाल ओढले आणि थोरलीला नखशिखांत न्याहाळून म्हणाल्या, "ही जरा थोराड वाटते नाही?" कवळीबाईने त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा शिल्लक होता.

थोरली कपाटात पाव लपवायची. दार वाजलं की केस नीट करून सरळ उभी राहायची. बोबडं बोलायचं सोडायला तिला पाच महिने लागले, तेही नव्या भाषेत. शाळेने कागद बघून तिला बालवर्गात बसवलं. तिचे गुडघे बाकाला आपटायचे.

वय दुरुस्त करून घ्यायला दोन वर्षं गेली. कवळीबाईने मुलीच्या दातांचं माप घेतलं, पण आधी तिला विचारून. प्लास्टरचा साचा, एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र घेऊन ती कचेरीत गेली. साहेबांनी साचा उचलला, टेबलावर ठेवला. "म्हणजे तिथे कोर्टात तुम्ही खोटं बोललात?"

"हो."

"का?"

"तिला आणायचं होतं."

साहेबांनी साचा पुन्हा उचलून उलटा करून पाहिला. मग म्हणाले, जन्मतारीख तरी कोणती लिहायची? कोणालाच माहीत नव्हती. मुलीने भिंतीवरच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बघून त्याच दिवसाची तारीख सांगितली, कारण समोर तेवढीच दिसत होती. तीच लिहिली गेली.

एजन्सी दरवर्षी दत्तक कुटुंबांचा मेळावा भरवते. फुगे असतात, फोटो काढतात, तेच फोटो पुढच्या लोकांना दाखवतात. कवळीबाई जात नाही. नुसत्या निमंत्रणाने तिचं डोकं फिरतं. यंदा मुलींनीच हट्ट केला, म्हणून नवरा त्यांना घेऊन गेला. संध्याकाळी ते परत आले तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थोरली, आता साडेदहाची, शेजारी येऊन बसली आणि मोजे जुळवायला लागली.

"तिकडची एक मुलगी आली होती," ती म्हणाली. "आमच्या संस्थेतली. सगळ्यांना सांगते, पाच वर्षांची आहे."

"आणि?"

"नाहीये."

कवळीबाईने हातातली घडी बाजूला ठेवली. "तू काही म्हणालीस तिला?"

"नाही. तिची आई शेजारी उभी होती." थोरलीने एक मोजा दुसऱ्यात खोचला. "ती तोंड उघडत नव्हती."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "जाऊ दे," तो हलकेच म्हणाला. "त्यांच्या घरातली गोष्ट आहे. आणि सांगितल्यावर त्यांनी तिला परत पाठवलं तर?"

तिनेही तोच विचार केला होता. त्या बाईने फॉर्मवर काय खूण केली असेल, ते तिला न बघता सांगता आलं असतं. तिच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन चूळ भरून आली.

"नंबर आहे त्यांचा?" तिने विचारलं.

"आहे. सगळ्यांचे कागदावर लिहून दिलेत. काय सांगणार आहेस?"

"आधी घरी बोलावते. दोघींना."

नवऱ्याने खिशातून कागद काढला. तिने तो घेतला, थोरलीला विचारलं की यातलं त्यांचं नाव कुठलं, आणि थोरलीने बोट ठेवलं त्या नंबरावर फोन लावला.