धनगर ठेवून गेला ती कुत्री

दिवाळी झाली, की आमच्या पारनेरकडच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवून धनगर घाट उतरून कोकणात जायचे. त्या वर्षी आमच्या शेतातला धनगर निघताना दाराशी थांबला. मागं एक म्हातारी कुत्री, तोंड पांढरं पडलेलं, मागचा पाय ओढत चाललेली.

"वैनी, हिला आता घाट झेपायचा न्हाई. लई राखन केली हिनं. पडू द्या तुमच्या दारात."

मी नकोच म्हणणार होते. इथं मलाच माझं ओझं झालं होतं! पण माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायची मी त्यांना, आतूनच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

घरात आम्ही दोघीच. मालक जर्मनच्या लढाईवर गेलेले. पावसाळ्यापर्यंत पत्रं येत होती, मग एकाएकी बंद झाली. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. ताटावर बसायचं, चिवडायचं, उठायचं. आत्याबाई ओरडल्या, विनवण्या केल्या, पण मी कुठली ऐकतेय! खाऊन जगायचं कुणासाठी, असं झालं होतं.

कुत्रीनंही तेच आरंभलं. कळप गेला त्या वाटेकडे तोंड करून बसली ती बसलीच. भाकरी टाकली तर हुंगली नाही. ताक ठेवलं, त्यावर माशा बसल्या. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. ही मेली तर आपलंही काही खरं नाही, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एका दुपारी तिच्यावर कडाडलेच, "अगं भवाने, टाकून गेले ते तुला! कुणाची वाट बघतीस? कुणी येत नसतंय परत!" माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं आणि उंबऱ्यावर बसून मी ओक्साबोक्शी रडले. कुत्रीनं मानसुद्धा वळवली नाही.

दिवेलागणीला आत्याबाई ताट घेऊन ओट्यावर आल्या.

"धनगराचं कुत्रं हाय ते. मालक जेवल्याबिगर तोंड लावत न्हाई. मालकानं आपली भाकरी खायची अन् उरल्याली हातानं द्यायची, तवा खातंय. आता हिची मालकीन तूच न्हवं?"

"मग तुम्हीच जेवा तिच्यापुढं."

"मी रोज जेवतीया की! बघती का माझ्याकडं?"

काय करते? बसले. बाजरीची भाकरी आणि पिठलं. पहिला घास तोंडात नुसता फिरत राहिला, तो पाण्यानं ढकलला. मग दुसरा. डोळ्यांना धारा लागलेल्या आणि मी खातेय. अर्धी भाकरी संपवली, उरलेली तिच्यापुढं धरली. बराच वेळ ती ढिम्म. मग तिनं नाक लावलं आणि अलगद दातांत धरली.

पुढं दोन्ही वेळा हाच नेम. आपण नाही जेवलो तर ही उपाशी मरेल, या धसक्यानं मी जेवत गेले. मालकांची खबर काही आली नाही. गावातल्या बायका माझ्या कपाळाकडं बघायच्या आणि बोलणं थांबवायच्या. पण मी अंथरूण धरलं नाही.

पावसाच्या तोंडी धनगर परतला. कुत्री लंगडत त्याच्या पायांत जाऊन लोळली. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "तुमची शिस्त मोडली नाही हो मी. आधी मी जेवायची, मगच तिला द्यायची."

तो हसायलाच लागला. "छ्या, वैनी! आमच्यात आदी कुत्र्याला घालत्यात, मग मानूस जेवतंय. उपाशी कुत्रं कसली राखन करनार? कुनी सांगितलं हे तुमाला?"

मी वळून पाहिलं. आत्याबाई मान खाली घालून बाजरी पाखडत होत्या. त्या वर बघेनात. ज्याच्यासाठी मी अन्न टाकलं होतं, तो त्यांच्या पोटचा एकुलता एक पोरगा होता.

 मी आत गेले, दोन ताटं वाढली आणि आत्याबाईंना हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं.