पुठ्ठ्यावरचा थेंब

डिचोलीहून साखळीला जाताना रस्त्याला लागूनच ज्या मेस्त्रीचं गॅरेज आहे, तो निर्णय कानाने घेतो. माझ्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलताना त्याने आतलं एकेक बेअरिंग काढून माझ्या कानाशी फिरवलं.

"मास्तर, ह्यां रडता मां? ह्यां बदलूया. ह्यां गप आसा, ऱ्हवांदे."

चांगला भाग उगाच बदलणं त्याला स्वतःचा अपमान वाटतो.

पाण्याच्या पंपापाशी मात्र मी अडलो. मुलगी रोज याच गाडीने मुरगावला जाते. पंप गळून बेल्ट भिजला, वाटेत तुटला, तर इंजिन गेलंच. "पंपही बदलून टाक," मी म्हटलं.

त्याने पंप दोन बोटांनी फिरवला, डोळे मिटून ऐकला. "बरो आसा. मी सांगतंय मां?"

कुठे गळती असेल तर दिसावी म्हणून काम झालेली गाडी तो रात्रभर पांढऱ्या पुठ्ठ्यावर उभी ठेवतो. सकाळी गेलो तेव्हा पुठ्ठ्यावर एकच हिरवा थेंब होता, पंपातून गळलेल्या कूलंटचा. पुसून टाकला असता तर मला कळलंही नसतं. पण पुठ्ठा उचलून त्यानेच माझ्यापुढे धरला.

"माझा चुकला. परत खोलतंय." मान ताठ, आवाज नेहमीएवढाच मोठा.

दुपारी नवा पंप बसला. पुठ्ठा त्याने देवाच्या तसबिरीखाली खिळ्याने ठोकला. आता येईल त्या गिऱ्हाइकाला तो दाखवून सांगतो, "पंप कानान कळणा नाय. ह्यां बघा."

मी तिथे असलो की मला राहवत नाही. पुढे होऊन सांगतो, "हा थेंब आमच्या गाडीचा."