हिरामावशीचा आयर्लंडमधला प्रयोग

नाटकवाल्यांच्या घरात दोन गोष्टी साठतात, जुने कपडे आणि किस्से. कपडे निदान कुणाला देऊन तरी टाकता येतात, किस्से मात्र वाढतच जातात. आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपचं तर हल्ली असं झालंय की चहाला चार टाळकी जमली की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो आयर्लंडचा सांग ना." आणि मी सांगते. मला आग्रह लागत नाही.

निखिल आमचा दिग्दर्शक, ठाकुर्लीचा. त्याची बहीण आयर्लंडमध्ये एका छोट्या बंदराच्या गावात नर्स आहे. तिथल्या गावकऱ्यांचा नाटकाचा ग्रुप दर उन्हाळ्यात बाहेरून व्हॉलंटियर बोलावतो. राहायचं त्यांच्या घरी, त्यांच्या नाटकाचा सेट रंगवायचा, कपडे शिवायचे, हॉल झाडायचा. बदल्यात एक संध्याकाळ हॉल तुमचा, करा तुमचं नाटक. आम्ही सहा जण गेलेलो. मी प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य पुरवणारी. आणि सोबत हिरामावशी.

हिरामावशी कोपरच्या खाडीकडची कोळीण. दिवसा डोंबिवलीच्या बाजारात मासे विकते, संध्याकाळी तालमीला येते. इतकी वर्षं तिने शेजारीण केली, मोलकरीण केली, गर्दीत उभी राहिली. मुख्य भूमिका तिला पहिल्यांदा मिळाली ती थेट आयर्लंडला. समुद्रात गेलेल्या नवऱ्याची किनाऱ्यावर वाट बघणारी बाई. अख्ख्या बाजाराला सांगून निघालेली ती. विमानात माझा हात धरून म्हणाली, "ताई, नाय जमला त मी बाजारात कोनत्या तोंडानी बसू?"

* * *

पहिल्याच दिवशी तिथल्या ग्रुपच्या प्रमुख मॉरीनबाईंनी आम्हाला सेट दाखवला. भिंती रंगवायच्या होत्या, दारं लावायची होती, पडद्यांना टीप मारायची होती. हसून म्हणाल्या, "दिस इज फॉर द वीक." आमच्याकडे सेट लागतो दुपारी, प्रयोग रात्री, आणि दुसऱ्या दिवशी सगळे ऑफिसात. आठवडा वगैरे आम्हाला माहीतच नाही. बाह्या वर केल्या आणि अंधार पडायच्या आत सगळं संपवून मोकळे झालो.

दुसऱ्या दिवशी गावातले लोक जुने कपडे घालून, डबे घेऊन, हौसेने रंगवायला हजर. रंगवायला काही शिल्लकच नाही! एक आजोबा तर ब्रश हातात धरून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. त्यांच्यासाठी ते काम नव्हतंच, एकत्र जमायचं निमित्त होतं. आमचे चेहरे पडले.

मावशीने मला कोपराने ढोसलं. "सांग त्यांना, पायजे त पुन्ना घान करून देतू."

* * *

नटराजाची पूजा केल्याशिवाय आम्ही तालीम सुरू करत नाही. डोंबिवली असो नाहीतर आणखी कुठे. छोटी मूर्ती निखिलच्या बॅगेत होतीच. स्टेजवर मांडली, फुलं वाहिली, उदबत्ती लावली. पुढच्या क्षणी अख्खा हॉल कोकलायला लागला. फायर अलार्म.

बंब आला. त्यातून हेल्मेट घालून जो उतरला तो मॉरीनबाईंचा नवरा टॉम. त्या गावात आग विझवणारेही गावातलेच, आपापली कामं सोडून धावत येणारे, आणि टॉम तर त्यांच्या नाटकात राजाचं काम करत होता. आम्ही शरमेने मेलेलो. टॉमने मूर्ती पाहिली, उदबत्ती पाहिली, हेल्मेट काढलं आणि विचारलं, "हे तुम्ही रोज करणार का?"

निखिल म्हणाला, "रोज."

तेव्हापासून रोज तालमीआधी टॉम पाण्याची बादली घेऊन उदबत्तीशेजारी उभा राहायचा. चेहरा एकदम गंभीर. आरतीला टाळ्याही वाजवायचा, पण बादली खाली ठेवून.

* * *

आता माझा स्वतःचा किस्सा. लपवून काय करायचंय? गावकऱ्यांच्या तालमीला त्यांची प्रॉम्प्टर आजारी पडली म्हणून मी उभी राहिले. इंग्रजी वाचता येतं मला, घाबरतेय कशाला. मॉरीनबाईंचं मोठं स्वगत होतं. मध्येच त्या थांबल्या. मी वाक्य दिलं. परत थांबल्या, परत दिलं, या वेळी जरा मोठ्याने. मला कुणी स्टेजवर गप्प बसलेलं बघवत नाही.

स्वगत संपवून त्या विंगेत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाल्या, "डिअर, आय वॉज अ‍ॅक्टिंग."

* * *

आमच्या प्रयोगाच्या आधी मात्र खरं भांडण झालं. निखिलचं म्हणणं, मावशीची निदान महत्त्वाची वाक्यं इंग्रजीत हवीत, नाहीतर लोकांना कळणार काय? मावशी आंघोळ करताना पाठ करायची, पोळ्या लाटताना पाठ करायची. स्टेजवर आली की वाक्य अर्धंच निघायचं. एका तालमीला ती मटकन खालीच बसली. "दुसरे कोनला दे र निखिल. मना नाय जमायचा."

माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, "निखिल, तिच्या तोंडची भाषा काढून तिला काय देतोयस तू? कोपरला बोलते तसं बोलू दे तिला." पण दिग्दर्शक तो. इंग्रजी राहिलं.

प्रयोगाला हॉल भरला. रंगवायला आलेले सगळे आलेले, टॉम, त्याचे बंबवाले, बंदरावरचे म्हातारे. मावशी नऊवारी नेसून उभी राहिली आणि मी विंगेत वही उघडून तिच्या वाक्यावर बोट ठेवलं. पहिलं इंग्रजी वाक्य निघालं. दुसऱ्याला थांबली. मी वाक्य दिलं. ऐकलंच नाही. पुन्हा दिलं. तिने विंगेकडे बघून मला हाताने गप्प केलं, समोरच्या अंधाराकडे तोंड फिरवलं आणि आपल्या बोलीत सुरू झाली. समुद्राला शिव्या घातल्या, वाऱ्याला घातल्या, रिकाम्या चुलीबद्दल बोलली. मी विंगेत रडत होते, वही ओली झाली. आमची मावशी होती ती, आमच्या डोंबिवलीची.

शेवटी नाटकात ती हाक मारते, उत्तर येत नाही, अंधार होतो. तिने हाक मारली, "आयलास का र?"

निखिलचा हात लाइटच्या बटणावर. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला, बंदरावरचा एक म्हातारा उठला. टोपी काढून छातीशी धरली आणि स्टेजकडे बघून म्हणाला, "आय अ‍ॅम हिअर. आय अ‍ॅम हिअर."

निखिलला अंधार करायचं सुचेना. मला वाक्य देता येईना, कारण इथे वाक्यच नव्हतं. मावशीने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. मग पदराने नाक पुसलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली,

"यवरा उशीर लावतान का र?"