कालची उसण

अहेरीच्या लाकूड डेपोत लागलो तेव्हा विशीतला होतो. शाळा चौथीतच सुटलेली, गाव पार साताऱ्याकडे. सागाचा एकेक ओंडका आठ जणांनी मिळून खांद्यावर घ्यायचा. दिवाळीच्या सुमाराला माझी कंबर धरली, ती सुटेचना.

कंबर गेलेल्याला घरचा रस्ता दाखवतात, हे मी तिथे दोनदा पाहिलं होतं. म्हणून दुखणं लपवलं. फळीवर निजायचं, सगळ्यांच्या आधी उठून तापल्या मिठाची पुरचुंडी पाठीवर फिरवायची, कामावर वाकण्याऐवजी उकिडवं बसायचं. सोबती हसायचे, "काऊन रे, ओंडक्याच्या पाया पडून राह्यला का?"

आम्हाला रांधून घालणाऱ्या बाईंनी मात्र ओळखलं. म्हणाल्या, "उसण भरली हाय तुले. पायाळूचा पाय लागला पाह्यजे."

"इथे पायाळू कोण आहे, बाई?"

"आपला मुकादम. पायाकडून जन्मला थो. अर्ध्या अहेरीच्या कंबरा त्यानंच तुडवल्या."

झालं! ज्याच्यापासून लपवायचं, औषध त्याच्याच पायात.

आठ दिवस टाळलं. मग एका सकाळी पायातली वहाण उचलायलाही वाकवेना, तेव्हा गेलो. म्हणालो, "मुकादमभाऊ, काल जरा उसण भरली."

त्यानं मला उंबऱ्यापाशी पालथं निजवलं, उघडा पाय कमरेवर टेकवला, दाबला. मी दात आवळून गप्प. पाय तिथेच थांबला.

"कालची नाई हे. कालची असती तं बोंबलला असता. कवापासून?"

"दिवाळीपासून," मी जमिनीकडे तोंड करूनच म्हणालो.

"आता होळी आली. मंग इतके दिवस लाकडं कोणाच्या पाठीनं उचलून राह्यला होता?"

गावी जाऊन तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात.

त्यानं पाय काढून घेतला. "जुन्या दुखण्याले माहा पाय चालत नाई. आकडे येतेत का लिहाले?"

"येतात."

"उद्यापासून फीत धर. ओंडक्याचा घेर मोजाचा, उकिडवा बसून. थे तं तुले येतेच."

कंबर काही बरी झाली नाही. फळी आणि मीठ आजही सुटलेलं नाही. पण फीत हाती आली आणि मी तिथे टिकलो. तरी कित्येक महिने, मुकादम समोरून येताना दिसला की वाटायचं : आज याचा विचार बदलला तर?

तो जवळ यायचा, घेर विचारायचा आणि पुढे जायचा.