कालिंदीचं बुजगावणं

कालिंदी गुप्तेची नि माझी ओळख सव्वीस वर्षांची. परळच्या एका छापखान्यात आम्ही शेजारी बसून लग्नपत्रिका आणि गणपती मंडळांचे अहवाल लावायचो. पुढे छापखाना लालबागला हलला, त्याच्याबरोबर मीही हललो. ती मात्र मधेच बाहेर पडली आणि घरी बसून बोधचिन्हं करू लागली.

बाई पहिल्यापासून तिखट. माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी मोठ्या हौसेने केली, तर सगळ्यांसमोर म्हणाली, "अवधूत, नवरीचं नाव शोधायला पाहुण्यांना दुर्बीण देणारेस का?" मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. नाव मात्र त्याच दुपारी मोठं केलं, कारण ते खरोखरच बारीक होतं.

तिने लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात बोलायला माणूस होतं. चाळ पाडून टॉवर झाला, अकराव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि वर्षभरात आई गेली. चाळीत दार नुसतं लोटलेलं असलं तरी शेजारीण डोकावायची. इथे दार उघडं राहिलं तर वॉचमन कॅमेऱ्यात बघून खालून फोन करतो, "मॅडम, कुछ प्रॉब्लेम है क्या?"

तेव्हापासून तिचा गोतावळा म्हणजे फेसबुकवरचा 'रेघोट्या' नावाचा गट. तीन-साडेतीन हजार मराठी डिझायनर. शहरात कुठे नवं चिन्ह आलं, नवी पाटी लागली की तिथे त्याची चिरफाड व्हायची, आणि सुरुवात कुणी करायची हे ठरलेलं असायचं. "कालिंदीताई, या!" अशी हाक यायची. सकाळचा चहा घेऊन ती तिथेच बसलेली असायची. विनीत सावंत नावाच्या एकाचं शाळेसाठी केलेलं चिन्ह तिने असं सोलून काढलं की तो गट सोडून गेला. महिन्याभराने नवं चिन्ह घेऊन परतला. "ताई, आता सोला," म्हणाला. त्या दिवशी तिने मला तीनदा फोन केला, इतकी खूश होती.

गेल्या वर्षी एका बंद गिरणीच्या जागेवर सार्वजनिक बाग व्हायची ठरली आणि तिचं बोधचिन्ह कालिंदीकडे आलं. करणाऱ्याचं नाव जाहीर करायचं नाही, अशी बाग उभारणाऱ्या संस्थेची पद्धत होती. कालिंदीने ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. गिऱ्हाइकाला आम्ही तीन नमुने दाखवतो. एक आपल्या मनातला, एक बेताचा आणि तिसरा मुद्दाम पडेल. काहीतरी नाकारल्याशिवाय गिऱ्हाइकाला आपण काम केल्यासारखं वाटत नाही, म्हणून तिसरा. कालिंदी त्याला बुजगावणं म्हणते. या खेपेचं बुजगावणं तिने अर्ध्या तासात उरकलं. गिरणीची पांढरी चिमणी आणि तिच्या टोकावर हिरव्या पानांचा झुबका. संस्थेच्या समितीतल्या सात जणांनी एकमताने तेच निवडलं. "चिमणी पण दिसते, हिरवळ पण दिसते," अध्यक्ष म्हणाले. हे मी पाडण्यासाठीच आणलं होतं, असं ती कोणत्या तोंडाने सांगणार?

फलक लागला आणि तासाभरात कुणाच्या तरी लक्षात आलं की हा मुळा आहे. होताच तो मुळा. एकाने भायखळ्याच्या बाजारातून खराखुरा मुळा आणून फलकाशेजारी धरला आणि फोटो काढला. दुसऱ्याने लिहिलं, 'माझ्या आजोबांनी बत्तीस वर्षं मुळ्यात नोकरी केली.' मी त्याखाली हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. त्याची आजही लाज वाटते.

'रेघोट्या'वर तर जत्रा भरली. "ताई कुठे आहेत? तुमच्या सुरीची वाट बघतोय," विनीतने लिहिलं. दोन दिवस ताईंचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला.

"अवधूत, तो मुळा माझा आहे."

मला वाटलं मस्करी करतेय. मग तिने समितीपासून सगळं सांगितलं.

"मग गप्प बस ना," मी म्हणालो. "तुझं नाव कुठे आलंय? चार दिवसांत विसरतील सगळे."

"लोक मला बोलवतायत त्याचं काय? मीही येऊन मुळ्याला झोडपू? दुसऱ्यांना एवढी सोलते, स्वतःच्या वेळी तोंड लपवू? आणि पहिल्या नमुन्यावर मी दोन महिने घालवलेत रे. तो कुणी नीट बघितलाच नाही."

संध्याकाळी तिने लिहून टाकलं. मुळा माझा, तो पडेल म्हणून केला होता, माझी लबाडी माझ्याच अंगाशी आली. सोबत मनातला नमुना जोडला. जमिनीवर पडलेली चिमणीची लांब सावली आणि तिच्या कडेला उगवलेलं दोन पानांचं रोप. खाली एक ओळ: 'यावर बोला. नेहमीसारखं बोला.'

एकशे बारा जण बोलले. सलाम ताई. हिंमत लागते. काळजी घ्या. जोडलेले हातच हात. मुळ्याचे फोटो लोकांनी गुपचूप काढून टाकले. नमुन्याबद्दल एकट्या विनीतने लिहिलं, "छान आहे, ताई." छान आहे म्हणजे आमच्या धंद्यात बोलण्यासारखं काही नाही, हे कालिंदीला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात एका पुलाच्या पाटीवरून गदारोळ झाला. हाक आली नव्हती, तरी ती आपण होऊन गेली आणि नेहमीच्या धारेने लिहिलं. कुणी भांडलं नाही. "ताई म्हणतात ते बरोबर," एवढंच. माणसं तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशी बोलायला लागली होती. कुणी वाकडं बोललं असतं तर तिने चार शब्द सुनावले असते. चांगुलपणाला ती काय सुनावणार? हळूहळू तिने तिथे जाणं सोडलं.

परवा रविवारी तिने मला घरी बोलावलं. टेबलावर त्या पहिल्या नमुन्याचा मोठा प्रिंट होता आणि शेजारी लाल पेन.

"मार खुणा," ती म्हणाली. "छापखान्यात मारायचो तशा."

मी कागद उचलला आणि पहिल्या नजरेतच मला दिसलं. रोपाचा देठ फार बारीक होता. चिन्ह लहान छापलं की देठ जाणार आणि पानं अधांतरी लटकणार. मी पेनाचं टोपण काढलं. समोर ती हनुवटीला हात लावून बसली होती, केस पार पांढरे झालेले. बेसिनजवळ एक ताट आणि एक वाटी पालथी घातलेली. माझा धीरच झाला नाही.

"मला तर आवडलं गं," मी म्हणालो. "उगाच काय खुणा मारू?"

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि देठाभोवती एक लाल गोल काढला.

"तिकिटाएवढं केलं की हा जातो. तुला दिसलं नाही असं होणारच नाही."

मी मान खाली घातली. खोटं बोललो होतो आणि पकडला गेलो होतो. आत्ता तरी काहीतरी बोलावं, भांडावं, सावलीचा कोनही चुकलाय म्हणावं, असं वाटत होतं, पण मी हातातलं पेनाचं टोपण टेबलावर ठेवून दिलं.

तिने कागदाची सुरळी केली, रबर लावलं आणि चहा टाकायला उठली. ओट्यापाशी जाऊन तिने वळून पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, "साखर किती घालू?"

सव्वीस वर्षांत हे तिने मला पहिल्यांदाच विचारलं.